वनस्पती जुनी, अर्क मात्र नवा

गुडमारचं पान नीट चघळून वर साखरेची चिमूट तोंडात टाकली, तर साखर वाळूसारखी लागते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहींना काही काळ अडवतात, म्हणून असं होतं. अर्ध्या-पाऊण तासात चव परत येते. पण 'गुडमार' या नावातला अर्थ जिभेपाशी थांबत नाही. जिभेवर गोड मारतो म्हणजे रक्तातही मारत असणार, अशी उडी मनातल्या मनात घेतली जाते आणि तिथून कॅप्सूलच्या डबीपर्यंतचा रस्ता फार लांब नसतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीचा २०२३ सालचा अंदाज असा, की देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. गोव्यात प्रमाण २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत अधिक. एवढं गिऱ्हाईक असल्यावर गुडमार, कारलं, जांभूळबी, बिबळा, मेथी, दारुहळद यांचे अर्क औषधांच्या दुकानापासून किराण्यापर्यंत सगळीकडे पोचणारच. त्यावरचा वाद मात्र नेहमी चुकीच्या जागी अडतो. एक बाजू म्हणते, झाडपाल्यात काही नाही. दुसरी म्हणते, हजारो वर्षांचा अनुभव आहे, आणखी पुरावा कशाला? वनस्पती हजारो वर्षांची आहे, हे खरं. तिचा कॅप्सूलमधला अर्क मात्र काल-परवाचा आहे. तो नवं औषध आहे आणि नव्या औषधाची परीक्षा त्याने दिली पाहिजे. सरकारने ती घेतलीही पाहिजे आणि तिचा खर्चही उचलला पाहिजे.

'झाडपाल्यात काही नाही' हे म्हणणं टिकत नाही, याचा दाखला बहुतेक मधुमेह्यांच्या गोळ्यांच्या डब्यातच असतो. गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही युरोपातली शेंगवर्गी वनस्पती. तिच्यात ग्वानिडीन जातीची द्रव्यं असतात. ग्वानिडीनने प्राण्यांची रक्तशर्करा उतरते हे १९१८ मध्ये दिसलं, पण ते विषारी निघालं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि पस्तीस वर्षं पडून राहिलं. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांवर वापरलं. अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १९९४ मध्ये. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा दहाएक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर वजनदार मधुमेह्यांमध्ये मेटफॉर्मिनच्या गटातले मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी दिसले. याच कुळातली थोरली बहीण फेनफॉर्मिन. तिने रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावली आणि १९७० च्या दशकात ती बहुतेक देशांतून मागे घ्यावी लागली. दोघींचं मूळ एक, रचना जवळजवळ सारखी. कोणती तारते आणि कोणती मारते, हे रुग्णांवर नीट नजर ठेवल्यावरच कळलं.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन १८३५ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते दिल्यावर लघवीवाटे साखर जाते हे फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवलं. पण ते आतड्यातच तुटतं, नीट शोषलं जात नाही आणि जुलाब करतं. त्याची रचना बदलत बदलत आजच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आल्या. सफरचंदाची साल उकळून प्या, असं कुणी सांगत नाही ते यामुळेच.

आता अर्काकडे येऊ. शार्ङ्गधराच्या पद्धतीने काढा करायचा तर भरड द्रव्य सोळापट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवतात. पाण्यात टॅनिनं, क्षार, पिष्टमय आणि चिकट द्रव्यं उतरतात. कारखान्यात तेच द्रव्य बहुधा पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात काढतात, निर्वात पात्रात आटवतात आणि गरम हवेच्या झोतात फवारून भुकटी करतात. अल्कोहोलमध्ये राळा, अल्कलॉइडं, सॅपोनिनं जास्त उतरतात. भुकटी गोळा होऊ नये म्हणून तिच्यात अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. ते मक्याच्या पिठापासूनचं, साखरेइतकंच झपाट्याने रक्तात उतरणारं द्रव्य. कॅप्सूलमधली मात्रा इतकी थोडी, की त्याने साखर वाढणार नाही, पण मधुमेहाच्या औषधाला तेच वाहक मिळावं ही गंमतच. सांगायचं एवढंच, की पाण्याचा काढा आणि पाणी-अल्कोहोलचा घन ही दोन वेगळी रसायनं आहेत. पहिल्याचा अनुभव दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. चहाचंच पाहा. ग्रीन टीचा कप पिऊन कुणाचं यकृत बिघडल्याचं फारसं ऐकिवात नाही. पण त्याच पानांच्या घट्ट अर्कातून ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, की यकृताची एन्झाइमं वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं.

डबीवरच्या '१०:१' या आकड्याचा अर्थ एवढाच, की दहा किलो पाल्यातून एक किलो भुकटी निघाली. त्यात कामाचं द्रव्य किती, हे त्यातून कळत नाही. 'जिम्नेमिक आम्लं ७५ टक्के' असं लिहिलेलं असेल, तर मोजणी कशी केली हे विचारायला हवं. आम्ल घालून जो साका बसतो तो वाळवून वजन केलं, तर साक्यातलं बाकीचं सगळंही आम्लांच्या नावावर चढतं. एचपीएलसी या यंत्राने एकेक घटक वेगळा करून मोजला, तर त्याच मालाचा आकडा खूप खाली येतो. दोन्ही कंपन्या खरंच बोलत असतात आणि गिऱ्हाईक मात्र वेगवेगळ्या मापांची तुलना करत बसतं.

मेथीच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले मेथीवरचे प्रयोग १९९० च्या सुमारास गाजले आणि ते गाजण्यासारखेच होते. त्यात तेल काढलेली मेथीची भुकटी दिवसाला १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून, भाकरी-पोळीसारख्या पदार्थांत मिसळून दिली होती. मेथीतला विरघळणारा तंतू, गॅलॅक्टोमॅनन, पोटात फुगून लगदा बनतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. परिणामाचा मोठा भाग या फुगण्याचा आहे. आता त्याच अभ्यासाचा हवाला देऊन मेथीअर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल विकली जाते. अल्कोहोलमध्ये गॅलॅक्टोमॅनन विरघळत नाही, ते चोथ्यात राहतं. म्हणजे प्रयोगात जे काम करत होतं तेच अर्क काढताना टाकून दिलं आणि मात्रा शंभर ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर आणली. कारल्याचीही तीच कथा. कॅरँटिन या द्रव्याचा मोठा गवगवा होतो, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सकाळी गाळून प्यायलेल्या रसात ते येणार कुठून?

'संशोधनाने सिद्ध' या शिक्क्यामागे बहुधा उंदीर असतो. उंदरांवरच्या प्रयोगांचा साचा ठरलेला आहे. सायट्रेट बफरमध्ये ताजं विरघळवलेलं स्ट्रेप्टोझोटोसिन उंदराला किलोमागे ४५ ते ६५ मिलिग्रॅम टोचायचं, तीन दिवसांनी साखर अडीचशेच्या वर गेलेले उंदीर निवडायचे, तीन-चार आठवडे नळीने अर्क पाजायचा आणि साखर मोजायची. स्ट्रेप्टोझोटोसिन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांचा आजार आहे टाइप २, ज्यात पेशी जिवंत असतात पण शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. म्हणजे उंदराला दिलेला आजारच वेगळा. कडू, तुरट अर्क पोटात गेल्यावर उंदीर कमी खातो, आणि कमी खाल्लं की साखर उतरतेच. म्हणून दुसऱ्या गटालाही तेवढंच कमी खाऊ घालून तुलना करावी लागते. ते फार थोड्या प्रबंधांत केलेलं असतं.

त्यात मात्रेचा हिशेब. उंदराला अर्क बहुधा किलोमागे २०० ते ५०० मिलिग्रॅम देतात. ४०० धरू. उंदराची मात्रा माणसात बदलताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तिला ६ ने गुणून ३७ ने भागतात. येतात किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम अर्क, म्हणजे दहास एक उतारा धरला तर चाळीस ग्रॅम सुका पाला. बाजारातली मात्रा असते २५० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, म्हणजे अर्धा ग्रॅम. प्रयोगात जे चाललं त्याचा आठवा भाग विकायचा आणि शिक्का मात्र पूर्ण लावायचा! परीक्षानळीतले एन्झाइमचे प्रयोग तर बाजूलाच ठेवावेत. टॅनिन हे प्रथिनांना चिकटणारं द्रव्य, ते कुठलंही एन्झाइम थंड करतं. कात, डाळिंबाची साल, कोरा चहा, सगळे त्या कसोटीत मधुमेहाची औषधं ठरतील.

माणसांवर काहीच झालेलं नाही, असं नाही. बिबळ्याची, म्हणजे विजयसाराची, आयसीएमआरने चार केंद्रांत चाचणी घेतली आणि ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २ ते ४ ग्रॅम अर्क, नव्याने निदान झालेले रुग्ण, बारा आठवडे. ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली, म्हणजे ६९ टक्के. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. पण त्याच अभ्यासात एचबीएवनसीची सरासरी ९.८ वरून ९.४ वर आली, हे क्वचितच कुणी सांगतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी थोडी मागून चालते, हे मान्य. तरी ९.४ म्हणजे आटोका नव्हे. शिवाय तुलनेला दुसरा गटच नव्हता. निदान झाल्या झाल्या माणूस चहातली साखर सोडतो, चालायला लागतो. तपासणीलाही तो साखर सगळ्यात वर गेलेली असतानाच येतो, त्यामुळे पुढचा आकडा काही न करताही थोडा खालीच येण्याचा संभव जास्त. हे सगळं औषधाच्या नावावर जमा झालं. पुढे टोलब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना झाली खरी, पण बिबळ्याला नेमकं कुठे बसवायचं हा प्रश्न तिथेच राहिला.

कारल्याची थायलंडमधली २०११ ची चाचणी प्रामाणिक होती. दिवसाला ५००, १००० आणि २००० मिलिग्रॅम सुकं कारलं, चौथ्या गटाला मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम, चार आठवडे. फक्त २००० च्या गटात फरक दिसला आणि तोही मेटफॉर्मिनपेक्षा कमी. ब्राझीलमध्ये जांभळीच्या पानांचा काढा नियंत्रित चाचणीत तपासला, तो निष्प्रभ ठरला. दारुहळदीतलं बर्बेरिन मात्र दखल घेण्याजोगं आहे. चीनमधल्या २००८ सालच्या छोट्या चाचणीत रोज तीनदा ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर तीन महिन्यांत एचबीएवनसी ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. पण तिथे शुद्ध बर्बेरिन होतं, अर्क नव्हता. शिवाय ते यकृतातली औषधं पचवणारी एन्झाइमं अडवतं, त्यामुळे सोबतच्या गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढू शकतं. म्हणजे ते औषधासारखं वागतं, दुष्परिणामांसकट.

खरा अडथळा चाचण्यांच्या आकाराचा आहे. समजा एखादा अर्क एचबीएवनसी ०.४ ने उतरवतो. रुग्णारुग्णांतला फरक (प्रमाण विचलन) १.१ धरला आणि नेहमीची ८० टक्के शक्ती (फरक खरंच असेल तर तो चाचणीत दिसण्याची शक्यता) घेतली, तर एका गटात साधारण १२० माणसं लागतात. पाचातला एक मधेच सोडून जाणार हे धरून १५०, दोन गट मिळून ३००. आपल्याकडे पदव्युत्तर प्रबंधासाठी होणाऱ्या अभ्यासात दोन्ही गट मिळून तीसेक माणसं असतात. तेवढ्यांत १.१ पेक्षा लहान फरक भरवशाने दिसूच शकत नाही. मग काही दिसलं तर तो योगायोग असण्याचा धोका मोठा, आणि नाही दिसलं तर प्रबंध कपाटात. तीस-तीसचे दहा अभ्यास करण्यापेक्षा तीनशेचा एक करावा. माणसं तेवढीच लागतात.

यावर वैद्यांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार, प्रकृतीप्रमाणे औषध वेगळं, पथ्य वेगळं. सगळ्यांना एकच गोळी देऊन चाचणी कशी घ्यायची? बरोबर आहे. मग वैद्याची संपूर्ण चिकित्सा एका गटाला आणि नेहमीचे उपचार दुसऱ्याला, अशी चाचणी घ्यावी. तशा घेता येतात. पण हा आक्षेप डबीबंद कॅप्सूल विकणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. नाडी न पाहता, प्रकृती न विचारता, सगळ्या गिऱ्हाइकांना तीच गोळी विकली, त्या क्षणी त्याने हा बचाव सोडून दिला.

दुसरा आक्षेप, की आधुनिक कंपन्याही लबाडी करतात. करतात. रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचं दिसलं आणि भारतात २०१० मध्ये त्यावर बंदी आली. पण ते उघड झालं ते चाचण्यांचे आकडे कुणीतरी पुन्हा तपासले म्हणून. त्या प्रकरणानंतर अमेरिकेने मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयाची वेगळी परीक्षा लावली. त्या परीक्षेतच २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. परीक्षा कडक झाली नसती, तर सफरचंदाच्या सालीची ही नात नुसती साखर उतरवणारी गोळी म्हणूनच राहिली असती.

'नैसर्गिक आहे, फायदा नाही तर तोटा तरी नाही' हे तर सोडूनच द्यावं. करोनाच्या काळात, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि पुढे देशभरातून अशी आणखी प्रकरणं जमा झाली. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. गुळवेल मधुमेहाच्या बहुतेक मिश्रणांत असते. दिल्लीत २०१० मध्ये दुधी-कारल्याचा रस पिऊन एक मधुमेही दगावला, त्यानंतर आयसीएमआरच्या समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये असं बजावलं. कडू दुधीतलं कुकुर्बिटासिन विषारी असतं आणि कडवटपणा हीच त्याची सूचना. त्यात कारलं मिसळलं की ती सूचनाच झाकली जाते. सिंगापूरमध्ये २००८ साली 'नैसर्गिक' शक्तिवर्धक गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध सापडलं. दीडशेच्या आसपास माणसं साखर कोसळून रुग्णालयात आली, चार दगावली. त्यांना मधुमेह नव्हताच. झाडपाल्याच्या गोळीने साखर दोन दिवसांत धाडकन उतरली, तर आनंद मानण्याआधी ती गोळी तपासायला द्यावी.

शिशाचीही भीती आहे. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, आणि ते प्रमेहावर सांगितलेलं आहे. पोटात मुरडा, चिवट बद्धकोष्ठ, उतरलेलं हिमोग्लोबिन आणि सोबत 'शुगरची पुडी' चालू, असं एकत्र दिसलं तर रक्तातलं शिसं मोजावं. शिशाने तांबड्या पेशी लवकर फुटल्या तर एचबीएवनसी खोटंच कमी येतं, ते वेगळंच. आणि टाइप १ च्या रुग्णाने कोणत्याही अर्काच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं, तर काही दिवसांतच रक्तात आम्लं साठून, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन जीव जाऊ शकतो.

कायदा आहे की नाही? भरपूर आहे. १९५४ च्या जादूटोणा-औषधं जाहिरातबंदी कायद्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. तो बरा करण्याची जाहिरात गुन्हा आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी हवी, असं सांगणारा 'नियम १७०' डिसेंबर २०१८ मध्ये आला, जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला आणि महिनाभराने सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यालाच स्थगिती दिली. प्रकरण २०२५ मध्ये निकाली निघालं. या ओढाताणीत जाहिराती कधी थांबल्या नाहीत. उत्पादनाचे दरवाजे तीन आहेत. आयुर्वेदिक 'प्रोप्रायटरी' (कंपनीच्या स्वतःच्या मिश्रणाच्या) परवान्याला ग्रंथाधार आणि लहानसा अभ्यास पुरतो. अन्न म्हणून विकायचं तर डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' छापावं लागतं. मग पुढच्या बाजूला 'शुगर' हा शब्द मोठा आणि मागे हे वाक्य बारीक. तिसरा दरवाजा नोव्हेंबर २०१५ मध्ये उघडला, फायटोफार्मास्युटिकलचा. किमान चार घटक मोजलेला, शुद्ध केलेला, प्रमाणित अर्क आणि टप्प्याटप्प्याने माणसांवर चाचण्या. अर्कासाठी मुद्दाम बांधलेला हा दरवाजा आहे आणि पहिले दोन सताड उघडे असताना तिकडे कोण कशाला जाईल?

म्हणून मागणी सरळ आहे. द्रावक वापरून काढलेला घट्ट अर्क मधुमेहासाठी विकायचा असेल, तर रस्ता हा तिसराच. काढा, चूर्ण, वैद्याने रुग्ण पाहून दिलेली पुडी यांना हात लावायचं कारण नाही. गुडमार किंवा बिबळ्याचं पेटंट कुणा एकाला मिळणार नाही, त्यामुळे चाचणीचा खर्च कुठलीच कंपनी करणार नाही. तो आयसीएमआर आणि आयुष मंत्रालयाने मिळून करावा. निवडक तीन-चार द्रव्यं, प्रत्येकी तीनशे रुग्ण, चोवीस आठवडे, मेटफॉर्मिन दोन्ही गटांना चालू, वर एका गटाला अर्क आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. गुडमारची कॅप्सूल तोंडात फोडली की कोण कुठल्या गटात आहे हे जिभेलाच कळतं, म्हणून तिला आतड्यात विरघळणारं आवरण हवं.

त्या तीन-चारांत सप्तरंगी असावी. कोकणातली ही वेल, सॅलासिया चायनेन्सिस. तिच्याच कुळातल्या श्रीलंकेच्या कोथल हिंबुटूमधून जपानी संशोधकांनी १९९७ च्या सुमारास सॅलासिनॉल वेगळं काढलं. ते अकार्बोज या गोळीसारखंच काम करतं: आतड्यात पिष्टाचं साखरेत रूपांतर होऊ देत नाही, म्हणून गॅसही तसेच होतात. यंत्रणा ठाऊक, घटक मोजता येणारा, काम आतड्यातच. चाचणीला इतका सोयीचा उमेदवार दुसरा नाही. फक्त काष्ठौषधींच्या बाजारात विकलं जातं ते तिचं मूळ. मूळ खणलं की वेल संपते आणि ती वाढते फार सावकाश. चाचणी मुळाच्या अर्काची घेतली आणि ती यशस्वी झाली, तर कोकणातल्या देवराया पहिल्यांदा खणल्या जातील. तेव्हा फांदीच्या आणि पानांच्या अर्कात सॅलासिनॉल किती उतरतं, हे पहिला रुग्ण भरती करण्याआधीच मोजून घ्यावं लागेल.